झालियुकासचं करिअर मोठं म्हणायचं की नाही? (स्टानकेविचियुसवाल्यांनी पण यावं)

आडवा_टॅकल
परवा ग्रुपवर एकाने ठोकून दिलं की फुटबॉलमध्ये लिथुआनियाने आजवर एकच धड डिफेंडर दिला, मारियुस स्टानकेविचियुस, बाकी सगळे भरतीचे. तिथे शंभर मेसेज चालू होते म्हणून गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. दुसरा मारियुस, म्हणजे मारियुस झालियुकास, त्याचं करिअर नुसतं क्लबांची नावं बघून मोजता येत नाही. १० नोव्हेंबर १९८३ ला कौनासमध्ये जन्मला. आता कौनास म्हणजे बास्केटबॉलची पंढरी, साबोनिसचं गाव, तिथे उंच पोरगा दिसला की लोक बॉल हातात देतात, पायात नाही. हा तिथून एफबीके कौनासमधून २००६ ला स्कॉटलंडला, एडिंबराच्या हार्ट्सकडे आला, दोनशेच्या वर मॅचेस खेळला, कॅप्टन झाला, आणि १९ मे २०१२ ला हॅम्पडेनवर, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय स्टेडियमवर, स्कॉटिश कप उचलला, आणि तो पण कुणाला हरवून, तर हिब्सला, त्याच शहरातल्या हाडवैऱ्याला, ५-१! एडिंबराचे दोन्ही क्लब फायनलला समोरासमोर आले होते ते १८९६ नंतर पहिल्यांदा. लिथुआनियाच्या किती डिफेंडरांच्या नशिबात असा दिवस आला सांगा.

सेरी_आ_वेडा
ग्रुपवर लिहिणारा मीच, नाव घ्यायला लाजतोस कशाला 😄

एक दिवस म्हणजे करिअर नसतं राव. स्टानकेविचियुस पण कौनासचाच. २००१ ला ब्रेशियाला गेला, तेव्हा तिथे बाज्जो होता, ग्वार्दिओला होता. तिथून सॅम्पदोरिया, मग लोनवर सेव्हिया, मग व्हॅलेन्सिया, मग लाझियो. ज्या सीझनला सेव्हियाने कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप, जिंकला (२०१०) तेव्हा हा त्यांच्याकडे. इटलीची सेरी आ आणि स्पेनची ला लीगा, दोन्हीकडे दर आठवड्याला तुमच्यासमोर कोण येतं आणि स्कॉटलंडमध्ये कोण येतं, एवढाच प्रश्न आहे. तुझा माणूस वर्षातून सहा-आठ वेळा सेल्टिक-रेंजर्स या तिथल्या दोन बड्या क्लबांशी खेळणार, उरलेल्या वेळी कोणाशी? बघ जरा यादी.

आणि ५-१ च्या मॅचमध्ये डिफेंडरचं काय ते कर्तृत्व? पाच गोल झाले की मागे मी उभा असतो तरी जिंकले असते.

बाकावरचा_बंड्या
तू मागे उभा असतास तर ५-६ झालं असतं.

आडवा_टॅकल
😂😂 बंड्या

@सेरी_आ_वेडा, आता स्कोअरलाइन वाचून बोलायचं तर बोल, पण मॅच बघ एकदा. हार्ट्सकडून बारने मारला, स्काचेलने मारला, २-०, आणि हाफटाइमच्या जस्ट आधी मॅकपेकने एक काढला हिब्सकडून. हाफटाइमला २-१ आहे हे विसरू नको. हिब्स १९०२ पासून तो कप जिंकले नव्हते, अर्धं स्टेडियम त्यांचं, त्यांना वाटलं आता आपलं काहीतरी होतंय. मग सेकंड हाफ सुरू झाल्या झाल्या हिब्सच्या कुजाबीला रेड कार्ड, आपल्या ग्रेंजरची पेनल्टी, लगेच मॅकगोवनचा गोल, तिथे संपलं. पण ते २-१ ते ३-१ मधलं जे आहे ना, तेव्हा मागे डोकं थंड ठेवणारे लागतात.

आणि झालियुकासच्या बाजूला कोण होता? अँडी वेबस्टर. हा किस्सा मला लै आवडतो. हाच वेबस्टर २००६ ला हार्ट्सच्या मालकाशी, रोमानोवशी फाटलं म्हणून करार मोडून विगनला गेला, केस थेट क्रीडा लवादापर्यंत गेली, २००८ ला निकाल लागला की हार्ट्सला भरपाई फक्त दीड लाख पौंड, आधी फिफाने सव्वासहा लाख ठरवले होते. करार मध्येच सोडून जाणाऱ्या प्लेअर्ससाठी तो निकाल आजही दाखल्याला घेतात. म्हणजे रोमानोवला कंटाळून एक सेंटर-बॅक गेला, त्याच वर्षी रोमानोवच्याच दुसऱ्या क्लबातून दुसरा आला, आणि सहा वर्षांनी दोघं शेजारी उभे राहून कप जिंकले. कोणी गोष्ट म्हणून लिहिली असती तर आपण म्हटलं असतं उगाच जुळवलंय.

नाना_फॉरवर्ड
गोष्ट छान आहे, पण तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा मारताय आडवाराव. रोमानोवच्या दुसऱ्या क्लबातून आला असं तुम्हीच लिहिलंत. मुद्दा तोच आहे की. हा रोमानोव म्हणजे लिथुआनियातला बँकवाला माणूस, त्याने २००५ ला हार्ट्स घेतला, कौनासचा क्लब पण त्याचाच, आणि मग कौनासहून एडिंबराला जणू एसटीची फेरी लावली. मिकोलियुनास, चेस्नाउस्किस, वेलिच्का, क्सानाविचियुस, रांगच लागली. त्यातला यांकाउस्कास सोडा, तो पोर्तोबरोबर २००४ ची चॅम्पियन्स लीग जिंकून आलेला होता, त्याचं वेगळं. बाकीच्यांना कुठल्या स्काउटने हेरलं? मालकाचीच माणसं. जॉर्ज बर्लीसारखा मॅनेजर लीगमध्ये एक नंबरला, एकही मॅच न हरता, आणि ऑक्टोबर २००५ ला त्याला जावं लागलं. अशा क्लबात मालकाच्या गावचा पोरगा कॅप्टन झाला यात नवल काय?

आडवा_टॅकल
नाना, आदर आहे पण असहमत. एसटीतून उतरलेले कितीजण टिकले ते पण मोजा ना. बहुतेक एक-दोन सीझन खेळून परत गेले. वशिल्याने टीममध्ये शिरता येतं, सात वर्षं राहता येत नाही.

गोर्गी_रोडवरची
मी इथे एडिंबरात २००९ पासून आहे, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या लोकांनी ओढत नेलं टायनकॅसलला, हार्ट्सच्या मैदानावर, आणि मग मी त्यांच्यापेक्षा जास्त जायला लागले 🙈 म्हणून लिहितेय.

नाना म्हणतात तसं लोक सुरुवातीला बोलायचे, "रोमानोवची पोरं" वगैरे, मी पण माझ्या कानाने ऐकलंय. सगळे चांगलेच होते असं नाही, काहींना बघून मलाच वाटायचं हे काय आणलंय. पण झालियुकासच्या बाबतीत ते बोलणं हळूहळू बंद झालं आणि का ते सांगते. २०११ च्या शेवटी शेवटी क्लबने पगार थकवायला सुरुवात केली. एक महिना नाही, परत परत. प्लेअर्सनी शेवटी युनियनकडून लीगकडे तक्रार केली. आता विचार करा, हा माणूस कॅप्टन, मालक त्याच्या देशातला, ड्रेसिंग रूममध्ये बाकीच्यांचे हप्ते थकलेले. दोन्हीकडून शिव्या खायची जागा ती. आणि त्याच टीमने मे महिन्यात कप आणला. दुसऱ्या दिवशी ओपन बस निघाली तेव्हा मी रस्त्यावर होते, गर्दी इतकी की माझी चप्पल हरवली, एका पायाने घरी आले, शेजारच्या डिस्टिलरीचा तो उकडलेल्या धान्यासारखा वास येत होता नेहमीसारखा, आणि वर बसमध्ये हा उंच माणूस कप घेऊन. चप्पल गेल्याचं अजून दुःख नाही.

सेरी_आ_वेडा
ताई तुमची चप्पल मान्य 🙏 पण मी भावनेवर नाही बोलत. लेव्हलवर बोलतोय. ऑगस्ट २०११ ला टॉटनहॅम आलं होतं टायनकॅसलला युरोपा लीगमध्ये. स्कोअर काय? ०-५. घरच्या मैदानावर. क्लबचा कॅप्टन कोण होता तेव्हा? प्रीमियर लीगची एक चांगली टीम समोर आली की काय होतं ते दिसलं.

आणि देशासाठी बघा. झालियुकास २५ मॅचेस. फक्त! सप्टेंबर २००८ ला लिथुआनियाने क्लुजला जाऊन रुमानियाला ३-० मारलं, पहिला गोल कोणाचा? स्टानकेविचियुसचा. डिफेंडर असून. लिथुआनियाचाच स्केर्ला बघा, शेम्बेरास बघा, दोघंही ऐंशीच्या वर मॅचेस. शेम्बेरास तर सीएसकेए मॉस्कोच्या त्या टीममध्ये होता जिने २००५ ला लिस्बनला जाऊन स्पोर्टिंगला त्यांच्याच मैदानात ३-१ हरवून युएफा कप आणला. माझी यादी केली तर झालियुकास चौथा येतो, कदाचित पाचवा.

बाकावरचा_बंड्या
मी पण वेड्याच्या बाजूने आहे यावेळी, दुर्मिळ योग. झालियुकास कधी कधी असा टॅकलला झोपायचा की वाटायचं उठवायला कोणीतरी चहा घेऊन जावं. एका मॅचला भिंत, पुढच्या मॅचला दार सताड उघडं. हार्ट्सनंतर इंग्लंडात लीड्सला गेला, तिथे का टिकला नाही मग?

आडवा_टॅकल
लीड्सचं विचारलंस बरं झालं. २०१३-१४ चं लीड्स! जानेवारीच्या शेवटच्या रात्री मॅनेजर मॅकडरमॉटला काढलं, नवा मालक होऊ घातलेला चेलिनो अजून कागदोपत्री मालक पण नव्हता, लोक गेटवर त्याची टॅक्सी अडवून उभे, दुसऱ्या दिवशी हडर्सफील्डला ५-१ हरवलं आणि मॅकडरमॉट परत खुर्चीत. ही टीम आहे का सर्कस?

आणि माझा खरा मुद्दा हाच आहे जो मी वर नीट लिहिला नाही. या माणसाची क्लबांची यादी बघा. हार्ट्स: मालकाची उकियो बँक फेब्रुवारी २०१३ ला बुडाली, जूनमध्ये क्लब प्रशासकाच्या हातात, पुढच्या सीझनला १५ पॉइंट कापले, खाली गेले. लीड्स: वर सांगितलं. मग रेंजर्स २०१४-१५: मॅकॉइस्ट गेला, मॅकडोवल आला, मग मॅकॉल, एका सीझनला तीन जण, वर बोर्डरूममध्ये मारामारी चालू. आणि जिथून आला तो एफबीके कौनास? २००८ ला याच रेंजर्सला चॅम्पियन्स लीगच्या क्वालिफायरमधून बाहेर काढणारा क्लब, ०-० आणि २-१, चार वर्षांत बंदच पडला. जिथे गेला तिथली चूल विझलेली. स्टानकेविचियुसला निदान भरलेल्या ताटावर बसायला मिळालं. डिफेंडर एकटा खेळत नाही, त्याच्या पुढे-मागे-बाजूला रोज तीच माणसं लागतात, तेव्हा कुठे ती लाइन जमते. इथे दर सहा महिन्यांनी माणसं बदलतायत, मॅनेजर बदलतोय, पगार नाही. आणि याला तुम्ही सेरी आच्या फूटपट्टीने मोजणार.

नाना_फॉरवर्ड
हे मात्र पटलं थोडं. पण मग उलटा प्रश्न विचारतो. चांगला डिफेंडर असता तर बोलावणं चांगल्या घरून आलं असतं ना? २०१२ च्या कपनंतर, वय २८, सेंटर-बॅकचं सगळ्यात भरात असलेलं वय, कुठला मोठा क्लब आला? बाजार निर्दयी असतो पण आंधळा नसतो.

गोर्गी_रोडवरची
नाना बाजार आंधळा नसतो पण आळशी असतो 🙂 स्कॉटलंडकडे बघायलाच कोणी येत नाही फारसं, आणि लिथुआनियन पासपोर्टवाल्याकडे तर अजून कमी.

बाकी रेंजर्सला गेला तेव्हा मी स्वतः चिडले होते, खोटं कशाला बोलू. आम्ही खाली गेलेलो, हिब्स पण खाली, रेंजर्स पण खाली, तिघं एकाच वर्षी दुसऱ्या डिव्हिजनला, असा विचित्र सीझन, आणि आमचा कपवाला कॅप्टन त्यांच्या निळ्या जर्सीत. त्या वर्षी आम्ही पहिले आलो, हिब्स दुसरे, रेंजर्स तिसरे आणि तिथेच राहिले. मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

सेरी_आ_वेडा
ताई म्हणजे तुम्हीच सांगताय की तो दुसऱ्या डिव्हिजनमधल्या तिसऱ्या नंबरच्या टीमला होता. माझं काम सोपं करताय 😅

आडवा_टॅकल
बरं, तुझी लेव्हल मान्य. लेव्हलने स्टानकेविचियुस वर, कबूल, लिहून घे. पण "बाकी सगळे भरतीचे" हे शब्द मागे घे. भरतीच्या माणसासाठी गाव थांबत नाही.

झालियुकास २०२० ला गेला, ३६ वर्षांचा, मज्जासंस्थेचा आजार होता, सदतिसावा वाढदिवस दहा दिवसांवर. तारीख होती ३१ ऑक्टोबर. त्याच दिवशी संध्याकाळी हॅम्पडेनवर, कोविडमुळे लांबलेली आदल्या सीझनची कप सेमीफायनल होती, हार्ट्स विरुद्ध हिब्स. तोच कप, तेच मैदान, तेच समोर. स्टेडियम रिकामं. हार्ट्सचा मॅनेजर रॉबी नीलसन, जो त्याच्याबरोबर त्याच डिफेन्समध्ये खेळलेला. एक्स्ट्रा टाइममध्ये हार्ट्सच्या बॉइसने पेनल्टी मारली, २-१ जिंकले.

गोर्गी_रोडवरची
ती मॅच मी घरी टीव्हीवर बघितली. हिब्सच्या निस्बेटची पेनल्टी बारला लागून वर गेली तेव्हा नवरा म्हणाला, हे कोणीतरी हेडर मारून काढलं. एरवी मी त्याला झापलं असतं असल्या बोलण्यावरून.

बाकावरचा_बंड्या
माझा तो चहावाला जोक डिलीट करता येतो का? ऑप्शन दिसत नाहीये.

सेरी_आ_वेडा
राहू दे रे, जोक चांगला होता, आणि खरा पण होता.

"भरतीचे" मागे घेतो. ग्रुपवर पण जाऊन लिहितो. नंबर मात्र चौथाच. शेम्बेरासला कितीतरी वेळा मिडफिल्डला खेळवायचे, तो डिफेंडर धरायचा नाही असं कोणी सिद्ध केलं तर तिसरा.

नाना_फॉरवर्ड
शेम्बेरास डिफेंडर नाही?? थांबा, जेवून येतो.