गूढ शब्दकोडे: 'नवरा' फिरवून 'वानर' कसा मिळतो?

आडवे_उभे:
क्लू आहे "बिथरलेला नवरा माकडच (३)", कंसात उत्तराची अक्षरसंख्या. उत्तर 'वानर' दिलंय. 'माकड' ही व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, 'बिथरलेला' ही अक्षरं विस्कटायची खूण, इतकं कळलं. पण न, व, रा ही तीन घरं कशीही फिरवली तरी 'वा' येत नाही. काना तर 'र'वर आहे! क्लू चुकलाय का? आणि "भातात रश्श्याचा पहिला घास, आठवतो देश (३)" याची फोड काय?

चौकट:
चुकलेला नाही. इथे अक्षर अखंड न ठेवता वर्ण, म्हणजे स्वर आणि व्यंजनं, सुटे केलेत. नवरा = न् अ व् अ र् आ. वानर = व् आ न् अ र् अ. सहाच्या सहा वर्ण जुळतात. अक्षर अखंड ठेवणारा क्लू असा असतो: "विस्कटलेली रजनी म्हणजे कमळ (३)". र-ज-नी फिरवून नी-र-ज, म्हणजे नीरज.

सोडवताना आधी अखंड अक्षरं फिरवून बघा. जमलं नाही तरच वर्णविग्रह कागदावर मांडा. मनातल्या मनात केलात तर 'अ' हमखास सुटतो, कारण तो दिसत नाही.

तिरकी_रेघ:
क्लू बरोबर असला तरी कोड्याच्या वर "काना-मात्रा सुट्या धरल्या आहेत" असं लिहायलाच हवं. वर्ण सुटे केले की शक्यता फार वाढतात. सोडवणाऱ्याला ते आधी माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. आणि विस्कटायचा शब्द क्लूमध्ये जसाच्या तसा हवा. "बिथरलेला पती माकडच" असा क्लू देणं अन्याय आहे. आधी पतीचा नवरा करा, मग तो विस्कटा, असं दुहेरी काम होतं.

चौकट:
मान्य. नियम वर लिहायलाच हवा.

आता भात. व्याख्या जवळजवळ नेहमी क्लूच्या एका टोकाला असते. इथे शेवटी: देश. उरलेल्यातला 'भातात' मधला '-आत' हा प्रत्यय म्हणजेच 'पोटात घाला' ही सूचना. रश्श्याचा पहिला घास म्हणजे पहिलं अक्षर, र. भा(र)त.

मराठीत अशी कामं विभक्ती करते, म्हणून प्रत्यय सोडवून मूळ शब्द बघायची सवय लावा. अडचण सामान्यरूपाची. 'घोड्यात' असेल तर घ्यायचं 'घोडा', 'घोड्या' नव्हे.

तिरकी_रेघ:
त्या क्लूतला 'आठवतो' खटकतो. ब्रिटनच्या 'ऑब्झर्व्हर' वृत्तपत्रात झिमेनीस नावाने कोडी रचणारे डेरिक मॅकनट यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या नियमांचं सार त्यांचे उत्तराधिकारी 'अझेड' यांनी थोडक्यात सांगितलंय, आणि ती कसोटी मराठीलाही लागू आहे: नेमकी व्याख्या, न्याय्य शब्दखेळ, आणि तिसरं काहीही नाही. "हाच देश" पुरलं असतं.

आडवे_उभे:
मग "नदी उलटली, झाला गरीब (२)" म्हणजे दीन. "देवा, घरी दडलाय पट्टेरी प्राणी (२)" म्हणजे दे(वा घ)री, वाघ. पण "हात सरकारला द्यावा लागतो (२)" यात खूण कुठाय?

चौकट:
नाही, कारण ती जोडव्याख्या आहे. 'हात' ही एक, 'सरकारला द्यावा लागतो' ही दुसरी. उत्तर कर. क्लू छोटा असेल आणि उलटा, आत, विस्कट यातलं काहीच सापडत नसेल, तर वाक्य कुठेतरी मधोमध तोडून दोन्ही तुकड्यांना एकच शब्द लागतो का ते बघायचं.