सुगंध भेट देताना: नाशिककरांचे अनुभव

धागा सुरू करताना

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी पत्नीला शनेल नंबर फाइव्ह हे परफ्यूम दिले. तिने मनगटावर एक फवारा घेतला आणि शांतपणे सांगितले, "छान आहे, पण याला साबणाचा वास येतो." त्या वेळी मी मनातून चांगलाच दुखावलो होतो. पुढे वाचनात आले की १९२१ मध्ये एर्नेस्ट बो या परफ्यूमरने त्यात ॲल्डिहाइड गटातील द्रव्ये (एक प्रकारची सुगंधी रसायने) सढळ हाताने वापरली आणि नंतरच्या काळात त्याच धर्तीचा स्वच्छ, चकचकीत वास साबण-पावडरींनी उचलला. म्हणजे पत्नीचे नाक चुकलेले नव्हते. फक्त तिची ओळख आधी साबणाशी झाली होती. बाटली मात्र कपाटातच राहिली.

आपण कोणते परफ्यूम कोणाला दिले, ते कसे निवडले आणि दिल्यानंतर ते खरोखर वापरले गेले का, हे येथे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. "मस्त आहे, टिकते" एवढ्यावर वाचणाऱ्याचे भागत नाही; किती तास टिकले, कोणत्या ऋतूत, अंगावर की कापडावर, हेही सांगावे.

सिडको; नोकरी अंबडच्या कारखान्यात

मुलाने पहिल्या पगारातून दिओरचे सोव्हाज आणले. २०१५ मध्ये बाजारात आलेले हे परफ्यूम आमच्या खात्यातील निम्मी तरुण मंडळी वापरतात, त्यामुळे त्याचे नावीन्य मला आधीच उरलेले नव्हते. पण मुलाने दिलेली वस्तू म्हणून मी ते रोज लावू लागलो. सुरुवातीला बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) आणि मिरी, मागाहून अँब्रोक्सन या कृत्रिम सुगंधी द्रव्याचा कोरडा, रेंगाळणारा वास. दुपारपर्यंत तो मला येईनासा होई, म्हणून जेवणानंतर मी पुन्हा चार फवारे मारत असे. एके दिवशी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सहकाऱ्याने अत्यंत अदबीने विचारले, "साहेब, खिडकी उघडली तर चालेल ना?" तेव्हा उलगडा झाला की वास उडालेला नव्हता, माझे नाक त्याला सरावले होते.

तेव्हापासून सकाळी दोनच फवारे, आणि टिकण्याबद्दलचे मत मी सौभाग्यवतींना विचारून ठरवतो. नाशिकच्या जानेवारीत हेच परफ्यूम अंगाशी राहते, तर एप्रिलच्या उन्हात आपल्या आधी खोलीत शिरते. परीक्षण लिहिणाऱ्याने महिना लिहिला नाही, तर त्याच्या "आठ तास" या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही. बाटलीवर ओ द त्वालेत लिहिले आहे की ओ द पार्फँ, हेही पाहावे. पहिल्यात सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के असतो आणि दुसऱ्यात १५ ते २० टक्के. शिवाय एकाच नावाच्या या दोन बाटल्यांचा वासही पुष्कळदा वेगळा असतो.

गंगापूर धरणाच्या बाजूला, एका वायनरीत काम

आमच्या चाखण्याच्या दालनात काम करणाऱ्याने सुगंध लावून येऊ नये असा दंडक आहे, कारण पेल्यातील वासावर त्याचे आक्रमण होते. त्यामुळे परफ्यूमचा शौक मी सुटीच्या दिवशी भागवतो. पद्धत मात्र कामावरचीच आहे. एक फवारा कागदी पट्टीवर, एक कोपराच्या आतल्या बाजूला. मग पाच मिनिटांनी, एका तासाने आणि चार तासांनी वहीत नोंद. लिंबूवर्गीय वास पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत विरतात आणि दुकानातला सौदा नेमका त्याच मिनिटांत होतो, हे या वहीने मला शिकवले. दुकानात विकत न घेता मनगटावर फवारा घेऊन बाहेर पडावे, कॉलेज रोडवर एक चक्कर मारावी, चहा प्यावा आणि तरीही आवडले तर परत जावे. दुकानदार थोडा खट्टू होतो, तो होऊ द्यावा.

आता फसलेल्या भेटीबद्दल. माझे वडील मूळचे इगतपुरीचे, म्हणजे पावसातच वाढलेले. त्यांच्यासाठी मी एर्मेसचे 'अँ जार्दँ आप्रे ला मूसाँ' मागवले. नावाचा अर्थच 'पावसानंतरची बाग', आणि २००८ मध्ये ज्याँ-क्लोद एलेनाने ते केरळच्या पावसावरून रचले, एवढ्या माहितीवर मी हुरळून गेलो होतो. प्रत्यक्षात त्यात वेलची, आले, धणे, मिरी यांचा गारवा आहे आणि खरबुजासारखा पाणीदार गोडवा. माझ्या मते ती अत्यंत नाजूक, बुद्धिमान रचना आहे. वडिलांनी दोनदा हुंगून विचारले, "यात पाऊस कुठे आहे?" त्यांचा पाऊस म्हणजे तापलेल्या मातीवरची पहिली सर, आणि ती त्या बाटलीत नव्हती.

पुढच्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातील कनौज या अत्तरांच्या गावचे मिट्टी अत्तर मिळवून दिले. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाण्यासह तापवतात आणि त्यांची वाफ भपक्यातील, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यातील, चंदनतेलात उतरवतात. वडिलांनी कानाच्या पाळीमागे बोट टेकवले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. एर्मेसची बाटली आता मी वापरतो. स्वतःच्या आवडीची वस्तू दुसऱ्याच्या नावाने विकत घेण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग नव्हता, हेही कबूल करून टाकतो.

पंचवटी

थोडक्यात लिहिते. जावेच्या बारशाला निघताना येवल्याची पैठणी नेसून झाल्यावर पदरावर फवारा मारला आणि रेशमावर कायमचा डाग पडला. परफ्यूम आधी अंगाला लावावे, ते वाळू द्यावे आणि मगच साडी नेसावी. भेट देताना मी आता हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवते.

गंगापूर रोड

भाच्याच्या साखरपुड्यासाठी एका संकेतस्थळावरून निम्म्या किमतीत नामांकित परफ्यूम मागवले. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. पहिली दहा मिनिटे वास हुबेहूब होता, अर्ध्या तासानंतर नुसते स्पिरिट उरले. मग खोका तपासला, तर त्याच्या तळाशी छापलेला बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक जुळत नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत, हे दुःख आहेच, पण नवरदेव ते लावून सासरी गेला होता, याची खंत अधिक आहे. आता पक्क्या बिलाशिवाय मी सुगंध घेत नाही.

महात्मानगर

माझ्या आत्याने आयुष्यभर हिना आणि वाळा एवढेच लावले, तेही कापसाच्या फायाने. मोगल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, असे ती अजूनही अभिमानाने सांगते. तिच्या पंचाहत्तरीला आम्ही भावंडांनी डिझायनर परफ्यूम द्यायचे ठरवले. पहिल्या दिवशी दुकानात नऊ पट्ट्या हुंगल्यावर आम्हा कोणालाच काही कळेनासे झाले. दुसऱ्या दिवशी तीनवर थांबलो. नाक ताजे व्हावे म्हणून दुकानात हुंगायला ठेवलेल्या कॉफीच्या बियांपेक्षा स्वतःच्याच बाहीचा वास घेणे आम्हाला अधिक उपयोगी पडले.

शेवटी गेर्लाँचे शालिमार निवडले. ते १९२५ मधले आहे, मुघल बागेचे नाव लावते, आरंभी त्यात बर्गमॉट आहे आणि तळाशी व्हॅनिला व धुरकट राळ. जड अत्तरांची सवय असलेल्या नाकाला हे मानवेल असा आमचा हिशोब होता. आत्या म्हणाली, "बरे आहे गं, पण हे अत्तरासारखे अंगात मुरत नाही." आम्ही हिरमुसलो. चार दिवसांनी गेले, तर तिने त्याचा फवारा सुती रुमालावर मारून तो रुमाल कपाटात साड्यांच्या कप्प्यात ठेवलेला होता आणि तिसऱ्या दिवशीही त्याला व्हॅनिलाचा मंद वास येत होता. फवारणे तिला आवडतच नाही, सुगंध ठेवणे आवडते. हे आधी विचारले असते तर समजले असते.

इंदिरानगर

नवऱ्याने मला नार्सिसो रॉड्रिगेझचे 'फॉर हर' दिले आणि मी प्रामाणिकपणे सांगितले की बाटलीत नुसते पाणी आहे. तो म्हणे, सगळी खोली दरवळते आहे. दोन दिवस घरात अबोला होता. त्या परफ्यूमचा कणा कस्तुरीवर्गी कृत्रिम द्रव्यांचा आहे आणि त्यांपैकी काही द्रव्यांचा वास काही माणसांना मुळीच येत नाही, हे पुढे कळल्यावर अबोला संपला. बाटली सध्या सासूबाईंकडे आहे. त्या ती रोज लावतात, आणि सकाळी स्वयंपाकघरात त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या तरी मला पत्ता लागत नाही.