लहान सुतारकामासाठी पहिली करवत कोणती घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. मला लहान पेट्या, चित्रांच्या चौकटी आणि भिंतीवरची छोटी मांडणी अशी कामे करायची आहेत. लाकूड बहुतेक १२ ते २० मिलिमीटर जाडीचे असेल आणि अधूनमधून प्लायवूडही कापावे लागेल. सध्या माझ्याकडे मोठ्या दात्यांची एक जुनी करवत आहे. तिने फळीचे तुकडे होतात, पण काप तिरका जातो आणि प्लायवूडचा खालचा थर उचकटून निघतो. अशा वेळी विजेवर चालणारा जिगसॉ (अरुंद पाते वरखाली हलवून कापणारे हातात धरायचे यंत्र) घ्यावा, की चांगली हातकरवतच घ्यावी? कामाची जागा एका टेबलाएवढीच आहे.

प्रतिसाद १

पेट्या आणि चौकटी हे मुख्य काम असेल तर आधी हातकरवत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या कामात लांब काप थोडे असतात, नेमके काप मात्र पुष्कळ असतात, आणि नेमकेपणा जिगसॉच्या एका टोकाला मोकळ्या असलेल्या पात्याकडून सहजासहजी मिळत नाही.

निवड करताना आधी दाते पाहावेत. लाकडाच्या रेषांना आडवे कापायचे असेल तर सुरीसारखी तिरपी धार दिलेले दाते लागतात, कारण त्यांनी तंतू तोडायचे असतात. रेषांच्या दिशेने उभे चिरायचे असेल तर पटाशीच्या (लाकूड तासण्याच्या सपाट धारेच्या हत्याराच्या) टोकासारखे सरळ धारेचे दाते लागतात. जाडीच्या मानाने पाहिले तर कापताना निदान तीन दाते लाकडात राहिले पाहिजेत, नाहीतर दाता कडेला अडकतो आणि करवत उसळते. तुमच्या कामासाठी इंचाला १२ ते १४ दाते असलेली, पाठीवर पितळेची किंवा पोलादाची पट्टी बसवलेली टेनन सॉ घ्यावी. त्या पट्टीमुळे पातळ पाते वाकत नाही. पाठीच्या खाली पात्याची जेवढी रुंदी असेल तेवढाच खोल काप जातो, पण २० मिलिमीटरच्या लाकडाला ती पुरून उरते.

तिरक्या कापाचा सगळा दोष मात्र करवतीवर टाकू नये, कारण हलणाऱ्या फळीवर कोणतीही करवत सरळ चालत नाही. रुंद फळीच्या एका कडेला खालून आणि समोरच्या कडेला वरून एकेक पट्टी पक्की बसवावी. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडते आणि वरच्या पट्टीला लाकूड टेकवून एका हाताने दाबून धरता येते. काप घेण्यापूर्वी गुण्या लावून पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने रेघ ओढावी, रेघेच्या टाकाऊ बाजूला पटाशीने बारीकशी उतरती खाच करावी आणि करवतीचे पाते त्या खाचेत टेकवावे. पहिले दोन-तीन हात हलके, मागे ओढून घ्यावेत. मूठ धरताना तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवली की मनगट आपोआप रेषेत राहते.

प्रतिसाद २

वरील मत मला मान्य आहे, तरी गोलाई कापायची असेल किंवा प्लायवूडचे मोठे ताव लहान करायचे असतील तर जिगसॉ खरोखर उपयोगी पडतो. त्याचे पाते वर येताना कापते, म्हणून चिरफाळ्या वरच्या बाजूला उडतात आणि चांगली बाजू खाली ठेवावी लागते. ढकलून चालवण्याच्या हातकरवतीत नेमके उलटे होते, चांगली बाजू वर ठेवावी लागते. तुमच्या प्लायवूडचा खालचा थर याच कारणाने उचकटत आहे. दाते मोठे असल्यामुळे तो त्रास आणखी वाढतो. काप पडणाऱ्या जागी दोन्ही बाजूंच्या पातळ थरावर आधी सुरी फिरवावी आणि खाली एक टाकाऊ फळी घट्ट आवळून धरावी.

लहान वळणे कोपिंग सॉनेही, म्हणजे कमानीसारख्या चौकटीत बारीक पाते ताणून बसवलेल्या करवतीनेही, निघतात. तिचे बारीक पाते सोडवून लाकडाला पाडलेल्या भोकातून ओवता येते, त्यामुळे मधला भागही कापून काढता येतो. फिरत्या पात्याची यंत्रे एवढ्या जागेत सध्या नकोत. लाकडाचे छोटे तुकडे त्यांवर धरणे धोक्याचे असते. प्लायवूड किंवा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) कापताना मास्क मात्र लावावाच. तो बारीक भुसा फुप्फुसात जाऊ देऊ नये.

प्रतिसाद ३

ओढून चालवण्याच्या जपानी करवतींचाही विचार करावा. पाते ओढताना ताणले जाते, म्हणून ते पातळ ठेवता येते आणि चीर अरुंद पडते. पाठीला पट्टी असलेली दोझुकी सांध्यांसाठी उत्तम आहे, तर र्‍योबाच्या एका कडेला आडव्या आणि दुसऱ्या कडेला उभ्या कापाचे दाते असतात. एकच करवत घ्यायची असेल तर मी र्‍योबा घेईन. मात्र तिचे पाते ढकलताना वाकते आणि दाते गाठीवर तुटू शकतात. त्यामुळे जोर न लावता पूर्ण लांबी वापरून ओढण्याची सवय लावून घ्यावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. टेनन सॉ आधी घेतो. तिला घरी धार लावता येते का, आणि सोबत पटाश्या कोणत्या घ्याव्यात?

प्रतिसाद १

दाते काळसर निळे दिसत असतील तर ते कडक केलेले असतात. त्यांवर कानस चालत नाही आणि बोथट झाल्यावर करवतच किंवा सुटे असल्यास तिचे पाते बदलावे लागते. साध्या पोलादाचे दाते असतील तर बारीक तिकोनी कानशीने धार लावता येते, मात्र प्रत्येक दात्यावर सारखेच हात मारावेत, नाहीतर दाते उंचसखल होऊन काप एका बाजूला ओढला जातो. पटाश्या ६ आणि १२ मिलिमीटरच्या दोनच घ्याव्यात. त्यांची पाठ आधी दगडावर सपाट करून घ्यावी आणि धारेचा कोन २५ ते ३० अंश ठेवावा.