यू-२ ची चाकं एका रेषेत, मग पंख टेकत कसे नाहीत?

घारपंखी
अमेरिकेच्या यू-२ टेहळणी विमानाचे फोटो बघतोय. पोटाखाली एक जोडचाक, शेपटीखाली एक छोटं जोडचाक, बस्स. सायकलसारखं. उड्डाणाआधी पंखांखाली चाकं लावलेले दोन दांडे दिसतात, हवेत मात्र ते गायब. जातात कुठे? आणि ते नसताना विमान उतरतं कसं? नेहमीसारखी तीन पायांची रचना का केली नाही?

नटबोल्ट
सगळं वजनापायी. ७०,००० फुटांवर हवा इतकी विरळ की एकेक किलो उंची खातो. विमानाचा रचनाकार केली जॉन्सन, त्याच्या मूळ आराखड्यात तर चाकंच नव्हती: गाड्यावरून सुटायचं, पोटावर उतरायचं. १९५५ मध्ये प्रत्यक्ष उडालेल्या विमानात चाकं आली, पण पुढची-मागची मिळून सगळी व्यवस्था अवघी २०८ पौंड, म्हणजे साधारण ९४ किलो. विमान ७ टनांचं!

त्या दांड्यांना 'पोगो' म्हणतात. बाक दिलेला लवचिक पाय, खाली दोन छोटी चाकं, वरचं टोक पंखाखालच्या खोबणीत बसवलेलं. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालत नेताना, पिन घालून अडकवलेला असतो. धावपट्टीवर उभं राहिल्यावर ग्राउंड क्रू दोन्ही पिना काढतो. वेग आला की पंख उचल घेतात, टोकं वर वाकतात आणि पोगो आपोआप निसटून खाली पडतात. क्रू ते उचलून आणतो, पुन्हा वापरतो. सुरुवातीच्या विमानांत वैमानिक ते स्वतः सोडत असे.

पोगो अडकला तर प्रकरण गंभीर. १५ मे १९५६ ला अमेरिकेतल्या ग्रूम लेक या चाचणी तळावर विल्बर्न रोझ या वैमानिकाचे पोगो सुटेनात. धावपट्टीवरून कमी उंचीवर एक फेरी मारून त्यांनी डावा झटकून पाडला. मग उजवीकडे वळताना विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल तुटली, आणि कोसळलं. रोझ त्यात गेले. इंधनाने जड पंख, कमी उंची आणि वळण, हे तिन्ही एकत्र आलं की सावरायला जागाच उरत नाही.

घारपंखी
धन्यवाद, पोगोचं कळलं. उतरतानाचं सांगा ना. आणि उतरताना विमानामागून एक मोटार धावते, ती कशासाठी?

क्रॉसविंड
खरी परीक्षा तिथेच आहे. पुढची चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे आहेत. ती आधी आपटली की मागचं वजन खाली जातं, नाक वर उठतं, पंखांचा कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत. अशा उड्या वाढत जातात. १९५५ च्या पहिल्या उड्डाणात चाचणी वैमानिक टोनी लव्हिएरना हाच त्रास झाला. पुढची चाकं आधी टेकवायचा हट्ट सोडला तेव्हा विमान नीट उतरलं. म्हणून शेपटीचं चाक आधी, निदान बरोबरीने तरी टेकायला हवं.

त्यासाठी विमान जमिनीपासून साधारण २ फुटांवर आणून तिथेच स्टॉल करायचं. पण पंख ग्लायडरसारखे. वेग थोडा जास्त राहिला तर ते तरंगतच राहतं आणि धावपट्टी संपत जाते. ५ फुटांवर स्टॉल झालं तर जोरात आदळतं. वरून प्रेशर सूट, हेल्मेट, आणि समोर उचललेलं नाक. चाकांखाली किती फट उरली हे वैमानिकाला नीट कळत नाही. म्हणून मोटार. तिच्यात यू-२ चाच दुसरा वैमानिक असतो. विमान डोक्यावरून गेलं की तो मागोमाग धावपट्टीवर घुसतो, वेग ताशी २०० किमीच्या पुढेही जातो, आणि रेडिओवर आकडे: दहा, आठ, पाच, तीन, दोन. बाहेरून फट बघणारा डोळा, एवढंच त्याचं काम, पण ते दुसरं कुणी करू शकत नाही.

टेकल्यावर नाक सरळ रेषेत हवं. जरा तिरकं टेकलं की मागचं वजन तिरकेपणा वाढवत नेतं. पंख जमिनीला समांतर ठेवायचे ते एलेरॉननी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपांनी), अगदी वेग संपेपर्यंत. मग एक पंख हळूच खाली बसतो. टोकाला टायटेनियमची घसरपट्टी आहे, ती डांबर झेलते. क्रू धावत येऊन वर राहिलेला पंख खाली दाबतो, पोगो परत बसवतो, तेव्हा कुठे विमान टॅक्सी करतं.

एक गोष्ट लोक विसरतात: पंखांतलं इंधन. एक पंख जड राहिला तर एलेरॉन कमी पडतात. म्हणून उतरण्याआधी सुरक्षित उंचीवर वेग स्टॉलच्या जवळ आणून कुठला पंख पडतोय ते बघायचं, आणि पंपाने त्या बाजूचं इंधन दुसऱ्या पंखात ढकलायचं.

नटबोल्ट
पंखांखालचे पाय कायम ठेवायचे असतील तर सी हॅरियर बघा. आपल्या नौदलाची ही विमानं २०१६ पर्यंत गोव्यात दाबोळीला होती. मुख्य चाकं पोटाखाली एका रेषेत, पंखांच्या टोकांजवळचे पाय मात्र घडी होऊन विमानातच राहतात. तिथे पंख आखूड, म्हणून पायही छोटे पुरतात. यू-२ एस या आताच्या आवृत्तीच्या पंखांचा पल्ला १०० फुटांच्या वर. घडी होणारे पाय आणि त्यांची यंत्रणा त्या पातळ पंखात बसवायची तर वजन वाचवायचा सगळा खटाटोप वाया जाईल.