ब्रिटनमध्ये बहुमत कुणालाच नसेल तर पंतप्रधान कोण ठरवतं?

प्रश्न: त्रिशंकू संसद आली तर राजा मर्जीतला माणूस नेमू शकतो का?

प्रतिसाद: कागदावर हो, व्यवहारात नाही. राजाला वादात ओढायचं नाही हा संकेत, म्हणून पर्याय ठरेपर्यंत जुना पंतप्रधान पदावर थांबतो. २०१० मध्ये मतदान ६ मे रोजी झालं, कॉन्झर्व्हेटिव्हना ६५० पैकी ३०६ जागा. तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांचा राजीनामा ११ मे रोजी. त्यांना खुर्चीला चिकटलेले म्हणणं अन्यायच होता.

प्रतिसाद: स्वीडनने ही भानगडच मिटवली. तिथे नाव सभापती सुचवतात. ३४९ पैकी १७५ मतं विरोधात पडली तरच नाव बाद. नोव्हेंबर २०२१ मध्ये मॅग्डालेना अँडरसन बाजूने ११७, विरोधात १७४ असूनही निवडून आल्या!

प्रश्नकर्ता: विरोध जास्त असून?

प्रतिसाद: हो, एका मताने वाचल्या. ५७ तटस्थ होते. काही तासांतच ग्रीन पक्ष सरकारमधून बाहेर पडला, म्हणून राजीनामा. पाच दिवसांनी पुन्हा निवड.