दिराचा धाकटा की संस्थेतलं बाळ? घरात दोन तट पडलेत

कोयनाकाठची
आमचं गाव कराडपासून जवळच. लग्नाला 13 वर्षं झाली. उपचार सगळे करून झाले, आता थांबवलेत. सासूबाई म्हणतात, धाकट्या दिराचा दुसरा मुलगा मांडीवर घ्या. चार वर्षांचा आहे. रक्त आपलं, रान घरातच राहील. ह्यांचं मनही तिकडंच झुकलंय. मला मात्र संस्थेतून बाळ आणायचंय, मुलगी मिळाली तर फारच बरं. जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "घ्या की, तुमचाच आहे." पण त्या दिवसापासून ती पोराला माझ्याकडं फिरकू देत नाही. आधी त्याचं दुपारचं जेवण माझ्याकडंच व्हायचं. मी 40 ची, हे 43 चे. माझं चुकतंय का? स्पष्ट सांगा.

तासगावकर
ताई, सासूबाईंचं ऐका. घरातलं पोर 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं घेता येतं. वय 15 च्या आत हवं, दोन्ही आईबापांची संमती हवी. देणं-घेणं करा, दत्तकपत्र नोंदवा, झालं. ऑनलाइन रांग नाही. माझा मेहुणा संस्थेतल्या बाळासाठी तीन वर्षांच्या वर थांबलाय, अजून फोन नाही. शिवाय कुणाचं, कुठलं, काय आजार, काही ठाऊक नाही. द्राक्षाचं रोप आणतानाही आपण खुंट बघतो.

मिरजेची माहेरवाशीण
खुंटाचंच काढलंत म्हणून विचारते. तुमच्या बागेत खुंट डॉगरीजचा असेल ना? अमेरिकेतली रानवेल ती. वर कलम भलत्याच जातीचं. तरी बाग माझीच म्हणता. आणि आजाराचं म्हणाल तर बाळाचा वैद्यकीय अहवाल आधी दाखवतात, आपल्या डॉक्टरकडून तपासून घेता येतं. पोटच्या पोराचा असा अहवाल कुणी आधी देतं का?
नायगावच्या सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी घेतला, यशवंत. पुढं डॉक्टर झाला.

तासगावकर
थोरांची उदाहरणं देऊ नका. त्यांना भाऊबंदांशी सातबाऱ्यावरून झगडावं लागलं नव्हतं.

मिरजेची माहेरवाशीण
भाऊबंदांशी झगडावं लागलंच होतं. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा यशवंतनं अंत्ययात्रेत टिटवं धरायला भाऊबंदांनीच हरकत घेतली. मग सावित्रीबाईंनी स्वतः धरलं.

अजिंक्यताऱ्याखालचा
अवांतर, पण राहवत नाही. साताऱ्याची गादी दत्तकावरूनच गेली. 1848 मध्ये आप्पासाहेब महाराजांनी शेवटच्या घटकेला दत्तक घेतला आणि डलहौसीनं तो मानलाच नाही. तेव्हा घ्यायचं ते वेळेत घ्या, कागद पक्का करा. बाकी चालू द्या.

कोरेगावचा थोरला
मी 52 चा. सहाव्या वर्षी मला चुलत्याला दिलं. घर दोन दारं सोडून. आदल्या दिवशीपर्यंत जी आई होती तिला दुसऱ्या दिवसापासून काकी म्हणायचं. पहिल्या दिवाळीत ती माझ्या भावांना उटणं लावत होती आणि मी गोठ्याच्या भिंतीवरून बघत होतो. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ज्या आईनं मला वाढवलं ती देवमाणूस होती, तिच्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. पण पुढं आईनं मला परत मागितलं, तेव्हा वकिलानं सांगितलं की झालेलं दत्तक मोडता येत नाही. ते मागणं मी दाराआडून ऐकलं. वाढवलेल्या आईनंही ऐकलं. त्यानंतर तिघांतलं कुणीच मोकळं बोललं नाही.
रान मला मिळालं. सख्खा भाऊ म्हणतो, तू आमचं खाल्लंस. सध्या बोलणं नाही.

वाईची मावशी
दादा, वाचून पोटात कालवलं. तरी सगळीकडं असंच होतं असं नका म्हणू. मी बहिणीचा मुलगा घेतला. बहीण मुंबईला, आम्ही इथं, आणि त्याला पहिल्यापासून सगळं माहीत. गणपतीला दोघींच्या पाया पडतो. कोयनाताई, तुमची जाऊ एकाच अंगणात आहे, तेवढं मात्र बघा.

निवृत्त अंगणवाडी सेविका
वाद घालत बसू नका पोरींनो, संस्थेतलं बाळ हवं तर आधी ऑनलाइन नोंदणी करा. नवराबायकोच्या वयाची बेरीज 85 च्या वर गेली की दोन वर्षांच्या आतलं मूल मिळत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलाला 90, चार ते आठच्या मुलाला 100. तुमची आज 83. बेरीज वर्षाला दोननं वाढते, हे लोक विसरतात! वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात. मग घरी येऊन चौकशी करतात, अहवाल लिहितात. सासूबाईंशीही बोलतील, तेव्हा त्यांना अंधारात ठेवू नका. शेवटचा आदेश सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात, कोर्टाच्या फेऱ्या गेल्या.

विट्याचा गलाईवाला
तान्हं बाळच कशाला? सहा-सात वर्षांची पोरं संस्थेत तशीच मोठी होतात. त्यांच्यासाठी रांग लागत नाही.

तासगावकर
बोलणं सोपं आहे. सात वर्षांच्या पोराला आपलं गाव, आपली भाकरी, आपली ओरड, सगळंच नवीन. तुम्ही आणलंत का?

विट्याचा गलाईवाला
नाही. बायको तयार आहे, मीच कचरतोय. खरं ते लिहिलं.

कोयनाकाठची
काल जाऊबाईला एकटीला गाठलं. म्हटलं, तुझं पोरगं मला नको, म्हणजे तुझ्यापासून तोडून नको. ती रडली नाही, उलट चिडली. "मग त्या दिवशी सगळ्यांपुढं का नाही बोललात? मी 15 दिवस झोपले नाही." बरोबरच आहे तिचं. मी तेव्हा तोंड उघडलं नव्हतं.
आज दुपारी पोरगं ताटली घेऊन आलं जेवायला.
ह्यांचा अजून होकार नाही. सासूबाई बोलत नाहीत. एक अडचण आहे, आमच्या लग्नाची नोंदच केलेली नाही. आता होते का?

तासगावकर
होते. ग्रामसेवकच निबंधक असतो. लग्नपत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन जा. उशीर झाल्याचा थोडा दंड पडेल. माझं मत तेच आहे, पण दाखला आधी काढा.