शब्दचर्चा: अनुमापन, अंत्यबिंदू आणि 'क' जीवनसत्त्व

मांडवीकाठ:
अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मराठीत एक प्रयोगपत्रक लिहितेय. काजूचा नीरो (म्हणजे बोंडांचा रस), लिंबू आणि पेरू यांच्या रसातलं व्हिटॅमिन सी आयोडीनच्या द्रावणाने मोजायचं, असा प्रयोग. आपल्या गोव्यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत जातात आणि पुढे विज्ञान इंग्रजीत शिकतात. त्यामुळे 'जीवनसत्त्व' त्यांना तोंडपाठ, पण 'अनुमापन' म्हटलं की चेहरे कोरे. टायट्रेशनला अनुमापन लिहावं की टायट्रेशनच ठेवावं? 'व्हॉल्युमेट्रिक अ‍ॅनालिसिस'चं काय करावं?

कसोटी:
अनुमापन लिहा, बाई. परिभाषेत रुळलेला शब्द आहे, हिंदीतही हाच चालतो. नुसतं 'मापन' का नाही, असं मुलं विचारतील. इथे आपण अज्ञात पदार्थ थेट मोजतच नाही. तीव्रता माहीत असलेलं द्रावण ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचनळीतून, थेंब थेंब सोडतो, ते किती लागलं ते बघतो आणि त्यावरून हिशेब करतो. मोजणं मागाहून येतं, म्हणून 'अनु' मला तरी चपखल वाटतो.

व्हॉल्युमेट्रिकला मात्र 'आयतनी' नको. आयतन हा मराठीत देवळाकडे नेणारा शब्द, पंचायतन आठवतं. 'घनफळ' गणिताच्या तासाला राहू दे. शालेय विज्ञानात 'आकारमान' आहे, तेव्हा 'आकारमानी विश्लेषण' म्हणा.

रायबंदर:
प्रयोगशाळेत कुणी अनुमापन करत नाही हो. 'ब्युरेट भरली', 'रीडिंग घेतलं', 'एंड पॉइंट हुकला', हेच कानावर येतं.

कसोटी:
बोलताना तसंच येणार, त्याला हरकत नाही. पण लिहिताना एक फरक सांभाळावा लागतो. रंग बदलताना डोळ्यांना दिसतो तो अंत्यबिंदू. अभिक्रिया प्रत्यक्षात पुरी होते तो समतुल्यता बिंदू. दर्शक, म्हणजे रंग बदलून खूण देणारा पदार्थ, चांगला निवडला तर दोन्ही अगदी जवळ येतात, पण ते एक नव्हेत. 'एंड पॉइंट'मध्ये दोन्ही कोंबून बोलायची सवय लागली की मुलं परीक्षेत अडकतात.

'टायट्रेशन' या मूळ शब्दाचा प्रवासही गमतीचा आहे. फ्रेंचमध्ये 'तित्र' म्हणजे पदवी, शीर्षक, आणि नाण्यातल्या सोन्याचांदीची शुद्धतासुद्धा. 'ब्युरेट' आणि 'पिपेट' ही नावं वापरात आणणारा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याने चांदीचा कस ठरवायला मिठाच्या द्रावणाची हीच रीत वापरली. पोर्तुगीजमध्ये टायट्रेशनला 'तितुलासांव' म्हणतात, तेही त्याच घराण्यातलं. आपल्याकडे या अर्थाला 'कस' हा अस्सल शब्द तयार होता.

रायबंदर:
मग 'कसमापन' का नको? जमिनीचा कस, सोन्याचा कस, रसाचा कस. ऐकायला तरी बरं!

कसोटी:
ऐकायला बरं आहे, पण कस म्हटलं की गुणवत्ता आली, चांगलं-वाईट आलं. टायट्रेशनला त्याच्याशी कर्तव्य नाही. सांडपाण्यातल्या क्लोराइडचा कस कसा काढणार? नाण्यांपुरता तो शब्द ठीक होता.

काजूबाग:
भट्टीवर फेणीची तीव्रता 'ग्राव'मध्ये, म्हणजे अंशांत सांगतात, अनुमापन वगैरे कुणी करत नाही. बाकी नीरोतलं व्हिटॅमिन सी फेणीत उतरत नाही, ते वाफेबरोबर वर येत नाही, हेही पत्रकात घाला. काही जणांचा तेवढाच आधार तुटेल.

औषधाचं कपाट:
मी बरीच वर्षं औषधविक्रीत काढली, म्हणून दुसऱ्या शब्दाबद्दल लिहितो. 'जीवनसत्त्व' उत्तम आहे, पण त्याच्या शेपटीला लागणारं अक्षर जपून लिहा. मराठीत अ, ब, क, ड ही ओळ भूमितीपासून डोक्यात बसलेली. त्यामुळे ए, बी, सी, डी यांची झाली अ, ब, क, ड. म्हणजे 'सी'चा 'क' झाला तो ओळीतल्या तिसऱ्या जागेमुळे, उच्चारामुळे नव्हे. पुढे खरं 'के' आलं तेव्हा 'क' आधीच गेलेला, म्हणून ते 'के'च राहिलं. आता घाईत कुणी 'व्हिटॅमिन क' लिहिलं तर काय समजायचं? सी हिरड्यांसाठी, के रक्त गोठण्यासाठी. के हे नावच गोठण्याच्या जर्मन-डॅनिश शब्दाच्या आद्याक्षरावरून पडलं. नवजात बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून टोचतात ते के. तिथे काना-मात्रेचा खेळ परवडत नाही. 'क जीवनसत्त्व' लिहिलंत तर पहिल्यांदा 'म्हणजे व्हिटॅमिन सी, अस्कॉर्बिक आम्ल' असं जोडाच. आणि 'सत्त्व'ला दोन त. सत् अधिक त्व.

कसोटी:
याला पुरवणी. काझिमिर फुंक या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये 'व्हिटामाइन' शब्द घडवला, कारण हे सगळे पदार्थ अमाइन (नायट्रोजन असलेली एक प्रकारची संयुगं) असावेत असा त्याचा समज होता. तसं नाही हे कळल्यावर १९२० मध्ये ड्रमंड या दुसऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञाने शेवटचा 'इ' काढून टाकायला सुचवलं. मराठी शब्दाने 'व्हिटा'चं जीवन तेवढं घेतलं आणि अमाइन सोडून दिलं, त्यामुळे आपल्याला डागडुजी करावी लागली नाही.

तिझन:
पण घरात 'सत्त्व' म्हणजे नाचणीचं सत्त्व किंवा गुळवेलीचं. माझ्या सासूबाई म्हणतात, सत्त्व काढलं म्हणजे सगळी जीवनसत्त्वं त्यातच आली. प्रत्यक्षात भिजवून, वाटून, गाळून खाली बसतं ते मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च. त्यापेक्षा नाचणीच्या अख्ख्या पिठाचं तिझन, म्हणजे पेज, बरं. शब्दसाम्यामुळे हा गोंधळ घरोघरी आहे.

रायबंदर:
अस्कॉर्बिक म्हणजे तरी काय?

औषधाचं कपाट:
'स्कर्व्ही होऊ न देणारं'. स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. आपल्या किनाऱ्याशी त्या रोगाचा जुना संबंध आहे. वास्को द गामाची जहाजं ऑक्टोबर १४९८ मध्ये आपल्या किनाऱ्याजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाली. उलट्या वाऱ्यामुळे अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या आणि तीसएक माणसं त्या पट्ट्यातच दगावली. लिंबू-संत्र्यांचा गुण पडताळून पाहणारा, ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड याचा प्रयोग त्यानंतर बराच उशिरा, १७४७ मध्ये झाला.

मांडवीकाठ:
सगळ्यांचे आभार. मजकूर असा करतेय: 'शंकूपात्रात १० मिली गाळलेला रस घ्या. दर्शक म्हणून भाताच्या पेजेची गार झालेली निवळ थोडी घाला. ब्युरेटमधून ०.००५ मोलर आयोडीन थेंब थेंब सोडा. निळा रंग आला की थांबा. हा अंत्यबिंदू. १ मिली आयोडीन म्हणजे ०.८८ मिलीग्रॅम क जीवनसत्त्व, म्हणजेच व्हिटॅमिन सी (अस्कॉर्बिक आम्ल).' लिंबाला ५ मिली लागलं तर १०० मिली रसात ४४ मिलीग्रॅम, असं उदाहरणही देते. आमसुलाचं पाणीही घ्यावं का?

कसोटी:
आमसूल नको. त्याचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा, आणि आंबट म्हणजे क जीवनसत्त्व असा आधीच पक्का झालेला गैरसमज आणखी पक्का होईल. शिवाय त्या लाल रंगात निळा दिसणार कसा?

आणि 'निळा रंग आला की थांबा' हे बदला. आयोडीन पडतं तिथे प्रत्येक थेंबाला क्षणभर निळं येतं आणि पात्र हलवलं की जातं. पोरं पहिल्याच थेंबाला तोटी बंद करतील. 'आला' नको, 'टिकला' लिहा.

मांडवीकाठ:
बरोबर. 'पात्र हलवूनही निळा रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा' असं केलं. आमसूल वगळलं.